भाड्याचे हत्यार

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या दिवशी मी अकोल्याला एका मित्राच्या दुकानी गेलो होतो. हा मित्र अक्षरजुळणीचा धंदा करतो. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि अधूनमधून माझ्यासारख्याची एखादी कादंबरी, यांवर त्याचे दुकान चालते. माझ्या नव्या कादंबरीची पाने त्यानेच जुळविली होती. शेवटची मुद्रिते तपासून झाली होती. चार-दोन दुरुस्त्या करून ती प्रकाशकाकडे रवाना करावयाची, एवढेच काम उरले होते. पातूरहून सकाळच्या बसने निघालो तो त्याच्या पूजेच्या वेळेलाच पोहोचलो.

त्याचे वडील जुन्या काळातले कंपोझिटर. एकेक खिळा वेचून ओळ जुळविणारे. पुढे त्यांनी स्वतःचा ट्रेडल घेतला होता. तो ट्रेडल गेला, खिळे वजनावर मोडीत गेले. पण ज्या लोखंडी पट्टीत खिळे जुळवीत, ती त्यांची स्टिक मुलाने जपून ठेवली आहे. पाटावर ती स्टिक, तिच्यावर हळदकुंकू, शेजारी झेंडूची माळ घातलेला संगणक. नारळ फुटला, प्रसाद झाला, आणि आता माझ्या दुरुस्त्यांचे बघू म्हणून त्याने यंत्र सुरू केले. पडद्यावर पाटी आली. वर्गणीची मुदत संपली आहे, पैसे भरल्यावाचून पुढे जाता येणार नाही, अशा अर्थाची. त्याच्या बँकेच्या कार्डाची मुदत संपलेली, नवे कार्ड अजून आलेले नाही, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुटी.

"मास्तर, फाइल तं तुमचीच हाये," तो म्हणाला, "पन कुलूप त्यायचं हाये."

"आणि हे यंत्र?"

"यंत्र माहं हाये. हप्ते फिटले त्याचे."

"मग आत्ता आपण पूजा कशाची केली?"

तो हसला. म्हणाला, "डब्ब्याची!"

चार दिवसांनी कार्ड आले, पैसे गेले, कुलूप निघाले, आणि कादंबरी वेळेवर बाहेर पडली. नुकसान म्हणावे असे काही झाले नाही. आणि या गोष्टीत कोणा कंपनीने कबुलीबाहेरचे काही केले, असेही नाही. करारात जे लिहिले होते तेच घडले. तरीही त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला स्वस्थता लाभली नाही. हत्याराची पूजा करण्याची आपली रीत आहे. सुतार रंध्याची करतो, शिंपी यंत्राची करतो, आमची मुले दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतात. या रीतीच्या मुळाशी एक समजूत आहे. हत्यार हे कारागिराच्या हाताचाच पुढे वाढलेला भाग आहे, ही ती समजूत. आता हा वाढलेला हातच जर महिन्याच्या भाड्याने येत असेल, तर त्या हाताने केलेले काम कोणाचे? प्रश्न एवढाच आहे. पण तो दिसतो तितका सोपा नाही.

* * *

ज्या वाचकांचा संगणकाशी फारसा संबंध येत नाही, त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. संगणकावर लिहिण्याचे, हिशेबाचे, चित्रांचे, पाने जुळविण्याचे जे प्रोग्राम असतात, ते पूर्वी डब्यात घालून विकले जात. एकदा किंमत मोजली, तबकडी घरी आणली, की यंत्र चाले तोवर ते वापरावेत. पुढे ही पद्धत पालटत गेली. मायक्रोसॉफ्टने जून २०११ मध्ये 'ऑफिस ३६५' नावाने आपला संच वर्गणीवर द्यावयास सुरुवात केली. छपाईच्या आणि चित्रांच्या क्षेत्रात अडोबी या कंपनीने मे २०१३ मध्ये जाहीर केले, की डब्यातल्या संचाच्या नव्या आवृत्त्या यापुढे निघणार नाहीत. नवे पाहिजे असेल त्याने वर्गणीदार व्हावे. जानेवारी २०१७ मध्ये युक्रेनची राजधानी कीव येथील मॅकपॉ या कंपनीने 'सेटॅप' नावाची योजना काढली. तिचा प्रकार आणखी निराळा. अनेक कारागिरांनी केलेले वेगवेगळे प्रोग्राम तिने एका छपराखाली आणले, आणि सुरुवातीस महिन्याला ९.९९ डॉलर एवढ्या एकाच वर्गणीत ॲपलच्या मॅक यंत्रांवर ते सारे मोकळे केले. आज त्या गठ्ठ्यात दोनशेहून अधिक प्रोग्राम आहेत. आपल्या चेन्नईच्या झोहो कंपनीनेही २०१७ सालीच धंद्याला लागणारे बहुतेक सारे प्रोग्राम एका वर्गणीत बांधून 'झोहो वन' हा संच काढला.

या पद्धतीवर टीका करण्यापूर्वी तिचे गुण मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजेत. पूर्वी असा एखादा संच घेण्यास जी रक्कम एकदम लागे, ती गावोगावच्या लहान दुकानदारांच्या आटोक्यातली नव्हती. परिणाम काय होई, ते सर्वांना ठाऊक आहे. चोरीची प्रत चाले. माझा मित्रही कित्येक वर्षे चोरीच्या प्रतीवर लग्नपत्रिका छापीत होता, हे तो स्वतःच सांगतो. वर्गणीने त्याच्यासारख्या अनेकांना चोरीतून सोडविले. नीतीच्या हिशेबात ही रक्कम जमेला धरलीच पाहिजे. दुसरे असे, की प्रोग्राम म्हणजे काही कुदळ नव्हे. कुदळ एकदा घडविली की लोहाराचे काम संपले. प्रोग्रामची डागडुजी मात्र सतत करावी लागते. यंत्रे बदलतात, नव्या चोऱ्या निघतात, नव्या लिप्या येतात. जो बारमाही राबतो त्याला बारमाही मोबदला मिळावा, यात अन्याय काय? सेटॅपमध्ये तर प्रत्येकाच्या वर्गणीचा ७० टक्के भाग, त्याने जे प्रोग्राम प्रत्यक्ष वापरले त्यांच्या कर्त्यांत वाटला जातो. ज्याचे हत्यार चालले त्याला वाटा, असा तो हिशेब आहे.

आणि मी तरी कोणत्या तोंडाने भाड्याविरुद्ध बोलावे? मी कादंबऱ्या लिहितो. प्रत्येक आवृत्तीमागे मला मानधन मिळावे, अशी माझी अपेक्षा असते. थोडे का होईना, मिळाले की आनंदही होतो. एकदा लिहून झालेल्या गोष्टीवर पुन्हापुन्हा मिळणारा हा पैसा, निराळ्या शब्दांत, भाडेच नव्हे काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तर माझा हा हक्क माझ्या मृत्यूनंतर साठ वर्षे माझ्या वारसांकडे राहील अशी तजवीज केली आहे. तेव्हा 'मालकी चांगली आणि भाडे वाईट' असे सरळ सूत्र मांडून मोकळे होता येत नाही. तसे मांडले तर पहिला गुन्हेगार मीच ठरतो.

* * *

कोणी म्हणेल, वर्गणी ही तरी आपल्याला नवी कोठे आहे? खरे आहे. गावगाड्यातले बलुते ही एक प्रकारची वर्गणीच होती. सुतार, लोहार, न्हावी, परीट यांनी वर्षभर लागेल ते काम करावे आणि सुगीला खळ्यावर येऊन आपला वाटा न्यावा. तिफण मोडली म्हणून कोणी दर वेळी दाम मोजीत नसे. वर्षाचा एकच हिशेब, आणि त्यात साऱ्या सेवांचा गठ्ठा. ग्रंथालयाची वर्गणीही तशीच. अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयाच्या कपाटांपुढे उभे राहिल्यावर माझ्यासारख्याला जे श्रीमंत वाटे, ते त्यातले एकही पुस्तक माझे नसताना वाटे.

परंतु बलुत्याची आठवण काढताना तिची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. ते नाते जन्माने बांधलेले होते. बलुतेदाराला त्यातून बाहेर पडावयाची वाट नव्हती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले, ते याच कारणासाठी. महार वतनाची भाकर ही भाकर नसून बेडी आहे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणजे वर्षानुवर्षे चालणाऱ्या देण्याघेण्याचा न्याय त्याच्या दरावरून ठरत नाही. त्यातून बाहेर पडणाऱ्याचे काय होते, यावरून तो ठरतो. जुन्या व्यवस्थेत सेवा देणारा अडकलेला होता. नव्या वर्गणीत अडकण्याची पाळी सेवा घेणाऱ्यावर आली आहे. आणि वाचनालयाचे म्हणाल, तर मी वर्गणी बंद केली तरी वाचलेले कोणी परत मागत नाही. मी वहीत केलेल्या टिपणांना ग्रंथपाल कुलूप लावीत नाही.

खरे म्हणजे मालकी आणि भाडे यांतला घोळ आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना तरी अपरिचित नसावा. कारण आमचा अवघा प्रांतच एके काळी भाड्याने दिलेला होता. हैदराबादच्या निजामाकडून १८५३ साली फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांनी तो आपल्या ताब्यात घेतला, आणि १९०२ साली कर्झनच्या कारकिर्दीत वर्षाला २५ लाख रुपयांवर त्याचा कायमचा भाडेपट्टा करून घेतला. मालक निजाम, पुढे त्याच्या युवराजाला 'बेरारचा राजपुत्र' असा किताबही मिळाला. पण सारा वसूल कोण करीत होते? कायदे कोणाचे? रेल्वे कोणाची, कापूस कोणत्या बंदराला जात होता? मालक कोण, या प्रश्नाला कागदावर एक उत्तर होते आणि कचेरीत दुसरे. आणि ज्या कुणब्याच्या घामावर हे २५ लाख उभे राहत होते, त्याला या व्यवहारात कोणीच काही विचारले नव्हते. या इतिहासातून मी एक धडा घेतो. मालकीचा शब्द ऐकून फार हुरळून जाऊ नये. कागदावर नाव कोणाचे आहे यापेक्षा कुलूप कोणाच्या हाती आहे, ते पाहावे.

हे विकत घेतलेल्या प्रोग्रामांनाही लागू आहे. ते तरी कोठे पुरते आपले होते? डब्यावरच्या बारीक अक्षरांत लिहिलेले असे, की तुम्ही वस्तू घेत नसून वापराचा परवाना घेत आहात. मराठी अक्षरांच्या कित्येक प्रोग्रामांना यंत्राच्या पाठीमागे खोचावयाची एक गुटी असे. 'डोंगल' म्हणत तिला. ती हरवली वा जळाली, की पूर्ण दाम देऊन घेतलेला प्रोग्राम मुका. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक कंपनीच्या मराठी अक्षरांचा सांकेतिक क्रम निराळा होता; त्या काळी जुळविलेली पुस्तके आज त्या अक्षरांवाचून उघडली तर पडद्यावर नुसता चिन्हांचा उकिरडा दिसतो. माझ्या मित्राच्या कपाटात अशा तबकड्यांचा एक ढीग पडून आहे. त्यात काही कवींचे संग्रह असतील, काही संस्थांचे इतिहास असतील. तबकड्या विकत घेतलेल्या होत्या. म्हणून आतला मजकूर सुटला, असे झाले नाही.

* * *

मग कसोटी कोणती? मला ती पुस्तकांत नव्हे, वावरात सापडली.

आमच्या पातूर तालुक्यात पुष्कळ लोक मक्त्याने वावर करतात. पाडव्याच्या सुमारास बोलणे होते, एकरामागे रक्कम ठरते, ती मालकाच्या हाती पडते, आणि वर्षभर ते वावर मक्तेदाराचे. पाऊस दगा देतो, बोंडअळी येते, भाव पडतो. मक्ता माफ होत नाही. त्यात अन्याय आहेच, म्हणून तर १९५८ साली विदर्भासाठी निराळा कुळकायदा करावा लागला. पण या कठोर व्यवहारातही एक मर्यादा कोणी ओलांडली नाही. वर्ष संपले, मक्ता सुटला, तरी घरी आणलेला कापूस मक्तेदाराचाच राहतो. पुढल्या वर्षी तू वावर घेतले नाहीस, तेव्हा गेल्या वर्षीच्या तुझ्या कणगीतल्या ज्वारीला मी कुलूप घालतो, असे म्हणणारा मालक मी ऐकलेला नाही. जमीन त्याची असेल. पीक मात्र कसणाऱ्याचे. ही समजूत कायद्याहून जुनी आहे.

हत्याराच्या भाड्याला मी हीच कसोटी लावतो. भाडे घेण्यात पाप नाही, भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. परंतु भाडे थांबल्यावर हत्यार परत जावे. हत्याराने केलेले काम परत जाऊ नये. ज्या वर्गणीतून बाहेर पडताना माझे लिखाण, माझे हिशेब, माझी चित्रे साध्या, कोणालाही वाचता येईल अशा रूपात माझ्याबरोबर बाहेर येतात, ती वर्गणी म्हणजे मक्ता आहे. तिच्याशी माझे भांडण नाही. ज्या वर्गणीत माझे काम तिच्याच भांड्यात, तिच्याच झाकणाखाली राहते, आणि झाकण उघडावयास दर महिन्याला नजराणा लागतो, ती वेठ आहे. मग तिचा दर कितीही स्वस्त असो. दोन्हींचे नाव मात्र एकच आहे, आणि घेणाऱ्याला फरक कळतो तो बाहेर पडतानाच.

या दृष्टीने पाहता पुस्तकाच्या व्यवहारात माणसाने फार शहाणी वाटणी करून ठेवली होती, असे मला वाटते. कादंबरी माझी, तिची प्रत तुमची. तुम्ही तिची नक्कल करून विकू शकत नाही, आणि मी तुमच्या घरात शिरून ती फडताळातून काढून नेऊ शकत नाही. दोघांचीही अब्रू राहते. ही वाटणी नव्या यंत्रांनी मोडली. जुलै २००९ मध्ये अमेझॉनने आपल्या किंडल या वाचनयंत्रांतून ग्राहकांनी विकत घेतलेली काही पुस्तके दुरूनच पुसून टाकली, कारण विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते. पैसे परत दिले, पुढे क्षमाही मागितली. ती पुस्तके जॉर्ज ऑर्वेलची होती. सत्तेने कागदपत्रे पुसून टाकण्याची गोष्ट ज्याने लिहिली, त्याचेच पुस्तक पुसले जावे, हा केवळ योगायोग. पण घरात पाऊल न टाकता घरातली वस्तू नेता येते, हे जगाला तेव्हा कळले.

माझ्या कादंबरीचे चार दिवस म्हणजे काहीच नव्हेत. मोठ्यांचेही असेच होते. नायरा एनर्जी ही मुंबईत मुख्य कचेरी असलेली तेलकंपनी. गुजरातेत वाडीनार येथे तिचा प्रचंड शुद्धीकरण कारखाना आहे. तिच्यात रशियन भांडवल आहे, म्हणून युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये तिच्यावर निर्बंध घातले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या टपालाच्या आणि कामकाजाच्या सेवा थांबविल्या. पैसे भरलेले असूनही आम्हाला आमच्याच माहितीपासून तोडले, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाली. निर्बंध योग्य की अयोग्य, हा निराळा विषय. पण भारतातल्या कारखान्याच्या टपालपेटीची किल्ली भारताबाहेर फिरविता येते, एवढे त्या आठवड्यात सर्वांनी पाहिले. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर अकोल्याच्या दुकानदाराचे काय सांगावे!

* * *

येथे एक आक्षेप मनात येतो, आणि तो गंभीर आहे. आपल्या संतांनी आणि गांधी-विनोबांनी अपरिग्रह शिकविला. साठवू नका, माझे-माझे म्हणू नका. मग भाड्याने जगणारा माणूस हा अपरिग्रही नव्हे काय? त्याच्या घरात तबकड्यांचे ढीग नाहीत, मालकीचा ताठा नाही. लागले तेव्हा घेतले, सरले तेव्हा सोडले.

मी या विचारात बरेच दिवस घालविले. अमरावतीकडचे गाडगेबाबा मला वारंवार आठवले. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, पण त्यांपैकी एकही आपली म्हटली नाही. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले, तेव्हा मागे मालमत्ता म्हणावी असे काही नव्हते. तरी हातातले गाडगे आणि खराटा ही त्यांचीच होती. कोणी दूर बसून त्यांच्या खराट्याला 'थांब' म्हणू शकत नव्हते. म्हणून तर ते कोणाच्याही दारी, कोणालाही, वाटेल ते सुनावू शकले. अपरिग्रह म्हणजे गरजा कमी करून मोकळे होणे. भाड्याच्या गठ्ठ्यात काय होते? मालकी शून्य होते खरी, पण गरजा मात्र दोनशे होतात. माझा मित्र वर्गणी भरतो वीसेक प्रोग्रामांची, वापरतो दोन. उरलेले अठरा पडद्यावर रांगेने उभे असतात आणि आपल्याला काही तरी आणखी करावयाचे राहिले आहे, अशी रुखरुख त्याला लावतात. काही न ठेवता सारे हवेसे वाटणे, ही परिग्रहाचीच एक नवी तऱ्हा आहे. तिला त्यागाचे नाव देणे म्हणजे उधारीला उदारता म्हणण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट विसरण्याची. एकदा मोजलेला पैसा माणसाच्या लक्षात राहतो. दर महिन्याला आपोआप जाणारा पैसा लक्षात राहत नाही, आणि पुष्कळांचा धंदा या विसरण्यावरच चालतो. येथे आपल्याकडील कायद्याने थोडी जाग दाखविली, हे सांगितले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून असे आवर्ती पैसे काढण्यापूर्वी निदान चोवीस तास आधी ग्राहकाला कळवावे लागते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध ठरविले, आणि त्यांत वर्गणीचा सापळा हाही एक आहे. आत येण्याचा दरवाजा राजवाड्याचा आणि बाहेर पडण्याचा उंदराच्या बिळाएवढा, ही मांडणी आता कायद्याने अपराध ठरते. पण कायदा दार दाखवितो. दाराबाहेर पडताना आपले गाठोडे बरोबर घ्यावयाचे, ही अक्कल आपली आपणच बाळगावी लागते.

* * *

ती मीच बाळगली नव्हती, हे सांगितल्यावाचून हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आमच्या शाळेत मुले दर वर्षी हस्तलिखित काढतात. अलीकडे त्यांना ते संगणकावर सजवून पाहावेसे वाटले. मी हौसेने एक देखणा प्रोग्राम शोधला. पहिला महिना फुकट होता. मुलांनी आपल्या कविता, रेणुकामातेच्या टेकडीवरची सहल, लेण्यांची चित्रे, आजीने सांगितलेल्या गोष्टी, सारे त्यात घातले. मग सहामाही परीक्षा आली, दिवाळीची सुटी लागली. सुटीनंतर उघडावयास गेलो तर महिना उलटून गेलेला. मुलांचे सारे लिखाण त्या कुलपाआड. त्या करारावर 'मान्य' असे बोट मीच ठेवले होते, वाचल्यावाचून. आणि तेही चाळीस मुलांच्या वतीने. मी खिशातून एका महिन्याचे भाडे भरले, लिखाण एकेक करून बाहेर काढले आणि साध्या रूपात उतरवून ठेवले. आता आमचे काम लिब्रेऑफिस या मोफत आणि मोकळ्या प्रोग्रामवर चालते. २०१० सालापासून जगभरचे लोक मिळून तो सांभाळतात. त्याचा मजकूर ज्या साच्यात साठतो, त्याला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून २००६ सालीच मान्यता मिळालेली आहे; म्हणजे उद्या हा प्रोग्राम नाहीसा झाला तरी दुसऱ्या कोणालाही ते वाचता येईल. तो तितका देखणा नाही. मुलांची त्याबद्दल थोडी नाराजी आहे.

पैसे भरले त्या दिवशी आठवीतली एक मुलगी माझ्या खुर्चीमागे उभी होती. तिची कविता पडद्यावर आली तसा तिचा चेहरा उजळला. मग तिने विचारले, "सर, कविता तं माही हाये, मंग पैसे कोनाले देले?"

मी तिला प्रोग्राम म्हणजे काय, परवाना म्हणजे काय, वर्गणी म्हणजे काय, हे सारे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले. पण तिचे समाधान झाले नाही, हे मला दिसत होते. आणि ते झाले नाही याचा मला मनातून आनंदच वाटला. पोर शेतकऱ्याच्या घरची आहे. तिच्या बापाने मक्त्याचे वावर केलेले तिने पाहिले आहे. वावराचे पैसे द्यावे लागतात, हे तिला ठाऊक आहे. पिकाचे पैसे उलट आपल्यालाच कसे द्यावे लागतात, हे तिला समजेना.

माझा मित्र अजून वर्गणी भरतो. त्याच्या धंद्याला ती लागते, आणि ती बंद कर असे सांगण्याचा मला अधिकार नाही. मात्र आता तो प्रत्येक पुरे झालेले काम साध्या रूपात उतरवून गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करतो. त्याची आणखी एक प्रत स्वतःच्या कपाटात ठेवतो. यंदा खंडेनवमीला पाटावर नेहमीची ती लोखंडी स्टिक होती, आणि तिच्या शेजारी त्याने एक छोटी पेटी ठेवली होती. वर्षभराची सारी कामे तिच्यात होती. संगणकालाही माळ होतीच.